आजोबांनी आखलेले डोळे

त्या प्रदर्शनाला मी भांडायला गेले नव्हते. घरातून निघताना नवऱ्याने बजावलं होतं, फोटो बघ, चहा पी आणि परत ये, कोणाशी हुज्जत घालू नकोस. मी बरं म्हटलं होतं. पण हॉलच्या दारावरच मोठा फ्लेक्स लावलेला, ‘साधी माणसं, सोन्याचे दिवस’, आणि तो वाचूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पेणमधल्या एका शाळेचा हॉल होता. शंभर वर्षांपूर्वीचं पेण आणि रोहा, घराघरांतून गोळा केलेले फोटो, नीट फ्रेमा करून लावलेले. ज्यांनी ते गोळा केले त्यांच्या मेहनतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग फोटोंखालच्या ओळींवर. रोह्याच्या नदीवर बायका धुणं धुताहेत आणि खाली लिहिलंय, ‘नदीकाठची निवांत सकाळ’. निवांत म्हणे. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बायका, बाजूच्या दगडांवर कपड्यांचे ढीग, एकीच्या पाठीवर फडक्यात बांधलेलं पोर, आणि त्याचं डोकं पाण्याकडे लवंडू नये म्हणून ती बिचारी अर्धीच वाकलेली. तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलीला मी विचारलं, तू कधी नदीवर गोधडी धुतलीयस का. ती गोड हसून नाही काकू म्हणाली. मग ओल्या गोधडीचं वजन किती होतं ते मी तिला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या माणसांना चहाचं विचारायला गेली.

पुढे पेणच्या बाजाराचा फोटो होता. मागे दिसणाऱ्या प्रत्येक दुकानाची माहिती खाली दिलेली, हे भुसारी दुकान, ही सराफी पेढी, हे पोहे-पापडांचं घर. आणि पुढे, कॅमेऱ्याच्या अगदी पायाशी, रानातल्या वाडीवरून लाकडाच्या मोळ्या घेऊन आलेल्या बायका बसलेल्या. फोटोत सगळ्यात मोठ्या त्याच दिसतात. ओळीत त्यांचा उल्लेखच नाही. लिहिणाऱ्याला त्या दिसल्या कशा नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

मग एक पूर्ण भिंत खुर्चीतल्या फोटोंची. त्या काळात मुंबईहून फोटोवाला यायचा, लाँचने धरमतरच्या खाडीपर्यंत आणि तिथून बैलगाडीने पेणेत. त्याच्याबरोबर एक पडदा असे, त्यावर राजवाडा आणि कारंजं रंगवलेलं, एक नक्षीची खुर्ची आणि एक कुंडी. निम्मं पेण त्या एका खुर्चीत बसून गेलंय. कोटही एकच असणार, कारण एका फोटोत त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येतात आणि दुसऱ्यात मनगटाच्या वरच संपतात. खाली पाय अनवाणी. बायका गुडघ्यांवर पंजे ठेवून, श्वास कोंडून बसलेल्या. हलू नका, हसू नका, इकडेतिकडे बघू नका, असं त्यांना बजावलेलं असायचं. कित्येकींचा जन्मातला तो एकच फोटो, आणि त्यातही त्यांनी तोंडाला आवर घातलेला. याला हे लोक साधेपणा म्हणतात.

हॉलच्या मधोमध, वर वेगळा दिवा सोडून, आमच्या घरचा फोटो लावला होता. मला माहीत होतं तो असणार म्हणून. माझा चुलतभाऊ प्रदर्शनाच्या मंडळींत होता आणि फोटो त्यानेच दिला होता. आजोबा उभे आहेत, एक हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीत त्यांची पहिली बायको. जेमतेम सोळा-सतराची असेल. नाकात नथ, अंगावर काठाची साडी, आणि डोळे असे की समोर येणारा प्रत्येक जण थबकत होता. खाली ओळ होती, ‘पेणचा कलावारसा. मूर्तिकाराने स्वतःच्या हाताने आखलेले पत्नीचे डोळे.’

आमचं घर गणपती करणाऱ्यांचं. पेणेत अशी घरं पुष्कळ, आणि जिथे गणपती होतात त्याला आम्ही कारखानाच म्हणतो. माती मळायची, साच्यात भरायची, वाळली की घासायची, रंगवायची, आणि सगळ्यात शेवटी डोळे. त्या डोळे काढण्याला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत ती नुसती माती, आखणी झाली की देव. आमच्या कारखान्यात बायकांनी घासायचं, रंग कालवायचे, मुकुटाला सोनेरी लावायचं, पण आखणीच्या कुंचल्याला हात लावायचा नाही. मी पुढे नोकरीभर शाळेत चित्रकला शिकवली, पण आमच्या एकाही गणपतीचे डोळे मी काढलेले नाहीत. तो राग वेगळा, तो इथे नको.

आजोबांची आखणी पार मुंबईपर्यंत नावाजलेली. लहानपणी त्यांच्यासाठी डिंक भिजवून रंगात कालवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी त्यांच्या शेजारीच बसलेली असायची. ते म्हणत, नजर सरळ पडली पाहिजे, समोर बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की देव माझ्याचकडे बघतोय. डोळे काढून झाले की ते पाटावर मूर्तीच्या समोर बसत, मग डावीकडे सरकत, मग उजवीकडे. एखाद्या मूर्तीची नजर कुठे भलतीकडे गेली असं वाटलं तर ती मूर्ती मागच्या खोलीत जाई आणि नव्याने रंगवून बाहेर येई. नजर चुकलेला गणपती आमच्या दारातून कधी बाहेर पडला नाही, असं ते अभिमानाने सांगत.

गणपती गेले की कारखाना रिकामा. मग लोक फोटो घेऊन यायचे. त्या जुन्या कॅमेऱ्यासमोर बराच वेळ पापणी न हलवता बसावं लागे. एवढा धीर सगळ्यांना कुठून असणार. पापणी हलली की डोळ्यांच्या जागी पांढुरका फराटा. असा फोटो लोक आजोबांकडे आणून देत आणि म्हणत, जरा आखून द्या. आजोबा बारीक कुंचल्याने आखून देत, गणपतीचे आखत तसेच. लांबट पाकळी, वरची पापणी किंचित उतरलेली, बुबुळ बरोब्बर मध्ये. दुसरे डोळे त्यांना येतच नव्हते.

त्यामुळे पेण-रोह्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या पूर्वजांना एकाच हातचे डोळे आहेत. प्रदर्शनात मी ते लांबूनच ओळखत होते. ज्याच्या छळाच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या होत्या असा एक खोत, तोही तिथे प्रसन्न नजरेने बघत बसला होता. आशीर्वादाचा हात तेवढा उचलायचा बाकी होता. मला एकटीलाच हसू आलं, आणि पाठोपाठ रागही आला, कारण लोक त्याच्यासमोर उभे राहून म्हणत होते, काय सात्त्विक माणसं होती ही.

आणि आमच्या फोटोशेजारी एक टीव्ही ठेवलेला. माझ्या चुलतभावाने तो फोटो कुठल्याशा ॲपमध्ये घातला होता. टीव्हीवर आजोबांची पहिली बायको मान वळवत होती, पापण्या मिटत होती, उघडत होती आणि हसत होती. गणपतीच्या डोळ्यांनी. पोरंटोरं समोर उभी राहून सेल्फी काढत होती. मी चहा न घेता घरी आले.

त्या बाईचं आणि माझं रक्ताचं नातं काही नाही. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच, मुलगी झाल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली, आणि सासरी कायम पदर पुढे नि मान खाली असल्याने तिचा चेहरा नीट आठवणारं कोणी नव्हतं. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि आम्ही सगळी नातवंडं त्या दुसऱ्या आजीची. पहिलीची एकच खूण मागे राहिली, ती म्हणजे माझी आत्या. आत्या रोह्याला असते. नव्वदी ओलांडली तिने, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

आत्याचा उजवा डोळा तिरळा आहे. जन्मापासूनच. बुबुळ नाकाकडे वळलेलं.

आमच्याकडे पाळण्यातलं पोर बघायला आलेली बाई पहिल्यांदा विचारते ते, कोणावर गेली गो. बाकीच्या मुलींच्या बाबतीत हा प्रश्न बारशापर्यंत संपतो. आत्याच्या बाबतीत तो संपलाच नाही. बापाकडे असा डोळा कोणाचा नव्हता. आणि आई कशी होती विचारलं, की भिंतीवरचा फोटो होताच. बघ तुझी आई, काय डोळे होते तिचे, जसे काही देवाचे. मग तुझ्यात हे कुठून आलं. आत्याला हे शेजारणींनी ऐकवलं, पाहुण्यांनी ऐकवलं, माझ्या आजीनेही ऐकवलं. आजी काही दुष्ट नव्हती, पण बोलायला काही नसलं की तीही तेच बोलायची. शेवटी बायकांनी आपापसांत उत्तर ठरवून टाकलं. पोटुशी असताना हिच्या आईने ग्रहण पाळलं नाही, विळीवर बसली, म्हणून पोरीचा डोळा फिरला. मेलेली बाई काय उलट बोलणार. म्हणजे आई निष्काळजी ठरली आणि लेक कुरूप, आणि दोघींच्या विरुद्ध साक्षीला आईचाच फोटो.

स्थळं आली तशी परत गेली. अखेर रोह्याच्या एका बिजवराला दिली, तिच्याहून पुष्कळ मोठा. लग्नाच्या मांडवात कोणीतरी म्हणालं, बरं झालं, आता एक डोळा पेणेत ठेवील नि एक रोह्यात. सगळे हसले म्हणे. आत्याने हे मला सांगितलं तेव्हा ती स्वतःही हसली होती, आणि मला ते हसणं बघवलं नव्हतं.

आत्याचे फोटो कधी नीट बघा. तिच्या मुलांच्या लग्नांचे, नातवांच्या मुंजीचे. सगळ्यात ती आहे आणि एकाही फोटोत समोर बघत नाही. कुठे मान खाली, कुठे पदर पुढे ओढलेला, कुठे ऐन वेळी पाठमोरी. आम्ही म्हणायचो, आत्याला फोटोची आवड नाही.

प्रदर्शनाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. तो हलणारा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता आणि तिच्या नातसुनेने कौतुकाने तिला दाखवला होता. आत्या आधी पावसापाण्याचं, पायाच्या सुजेचं बोलली. आणि मग म्हणाली,

“माझ्या आयशीला डोळे मिचकवायला लावलंय गो त्यांनी.”

मी म्हटलं, बघितलं मी.

“ते डोळे तिचे नाय. बापाने काढलेले हायत. खालचे तिचे असतील ना? मला ते बघायचेत. एवढी म्हातारी झाले मी, अजून कुणी सांगितलं नाय हा डोळा माझा कुणावर गेला.”

तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. सणावाराला साडीसुद्धा ती आधी नको म्हणते. मी तिला सांगितलं की मी फोटो घेऊन येते. घरात सगळे मानत होते की फोटो काढताना तिची पापणी हलली म्हणून आजोबांनी तिचे डोळे होते तसे आखले. मीही तेच ऐकत आले होते. तसं असेल तर खाली फराट्याशिवाय काही निघणार नव्हतं. पण ते आत्याला तिच्या डोळ्यांनी बघू दे, असं मला वाटलं.

चुलतभावाला जाऊन विचारलं. कारखाना आता तोच चालवतो. तो वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, आणि मग समजावायला लागला. आजोबांच्या हाताचं आता शिल्लक काय आहे. गणपती तर दरवर्षी पाण्यात गेले. हे डोळे तेवढे राहिलेत, सगळ्या पेणचा ठेवा आहे तो, तो पुसायचा म्हणजे काय. मी म्हटलं, ठेवा तुझ्या पेणचा असेल, चेहरा तिचा आहे. मग त्याने तोडगा काढला. फोटो पुसायची गरजच नाही. त्याच्याकडे स्कॅन आहे, ॲपमध्ये घातलं की वरची आखणी काढून खाली काय असेल ते ते दाखवतं, अगदी खऱ्यासारखं. आत्याला तेच पाठवू, तिला काय कळणार आहे.

त्या शेवटच्या चार शब्दांनी माझं टाळकं फिरलं. मी त्याला म्हटलं, “काय असेल ते तिला नकोय. काय आहे ते हवंय.”

तो म्हणाला, ताई, तू ना प्रत्येक गोष्टीत भांडण काढतेस. काढते. न भांडणाऱ्या बायकांचे फोटो त्याने हॉलभर लावले होते, त्यांचं काय झालं ते मी बघून आले होते.

प्रदर्शन संपलं त्या दिवशी फ्रेमा उतरवत असताना मी हॉलमध्ये गेले आणि आमचा फोटो स्वतःच भिंतीवरून काढला. चुलतभाऊ धावत आला. असं चालत नाही, घरातल्या सगळ्यांना विचारावं लागेल, घराण्याची वस्तू आहे. मी त्याला एकच विचारलं, ही फोटोतली बाई तुझी कोण. त्याची कोणी नाही, माझी कोणी नाही. जगात एकाच जिवंत माणसाची ती कोणीतरी आहे आणि त्या माणसाला कोणी विचारलेलं नव्हतं. तो म्हणाला, खराब झाला तर जबाबदारी तुझी. मी म्हटलं, माझीच.

फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून मी पेणच्या रामवाडी स्टँडवरून रोह्याची एसटी धरली. वडखळला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली, धूळ, हॉर्न, आणि मी मांडीवर आजोबांना आणि त्यांच्या पहिल्या बायकोला घेऊन बसलेली. मनात एकच भीती होती. काही कारागीर आखणीच्या आधी कागद खरवडून घेतात. आजोबांनी तसं केलं असेल तर खाली काहीच नाही. मग मी आत्याला काय दाखवणार.

घरी आत्या आणि तिची नातसून होत्या. नातू कंपनीत शिफ्टला गेलेला. आत्याने आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं, जसं कोणी पाहुणं येणार असावं. मी टेबलावर जुना टॉवेल पसरला, फ्रेमच्या मागचे खिळे पकडीने उचकटले, काच बाजूला काढली. काचेशिवाय तो फोटो इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघत होते. आजोबांनी साडीच्या काठालाही थोडं सोनेरी लावलं होतं. आधी तिथे ओला कापूस टेकवून बघितला. रंग डिंकातला होता, पाण्याने सुटणारा, माझ्याच ओळखीचा. कापसाला सोनेरी लागलं आणि खालचा काठ शाबूत राहिला.

मी आत्याला स्पष्ट सांगितलं, डोळ्यांखाली काही नसलं तर हेही जातील, मग तिथे कोरा कागद राहील. ती म्हणाली, “राहूदे कोरा. त्यांच्या डोळ्यांपरीस कोरे बरे.”

डावा डोळा आधी घेतला. कापूस टेकवायचा, उचलायचा, घासायचा नाही. पांढरं निघालं, मग काळं. आजोबांची ती प्रसिद्ध रेघ कापसावर आली आणि खाली एक डोळा दिसला. मिटलेला नाही, पुसट नाही. खडखडीत उघडा, पापण्यांचे केससुद्धा मोजता येतील असा. समोर बघणारा, थोडा घाबरलेला. एका पोरीचा डोळा. नातसून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

म्हणजे पापणी हललीच नव्हती. सोळा-सतराची ती पोर, फोटोवाल्याने सांगितलं तसं, शहाण्यासारखी स्थिर बसली होती. मग आखायचं कारण काय होतं, हे मला दुसरा डोळा पुसायच्या आधीच समजलं. मी कापूस खाली ठेवला, पाणी प्यायले आणि मग उजवा घेतला.

बुबुळ नाकाकडे वळलेलं होतं. आत्याचं वळतं तेवढंच.

मी फोटो आत्याच्या पुढ्यात धरला. तिने तो तोंडाच्या अगदी जवळ नेला, चष्मा वर केला, आणि खूप वेळ बघत राहिली. मग एका हाताचं बोट फोटोतल्या उजव्या डोळ्यापाशी नेलं आणि दुसऱ्या हाताचं स्वतःच्या. तशीच बसली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

“आयशीवर गेलेय मी,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी सावकाश, “बापाला ठावं होतं.”

होय, त्यांना माहीत होतं. मूर्तीची नजर कणभर चुकली तर ज्यांना पाटावर बसून दिसायची, त्यांना स्वतःच्या बायकोचा डोळा दिसला नसेल का. तो डोळा बघत त्यांनी संसार केला. मग बाजारात पाठवायच्या गणपतीसारखी तिची नजर सरळ करून टाकली. तिच्या देखत केली की ती गेल्यावर, ते आता कळायला मार्ग नाही. तिच्या देखत केली असेल तर तिने त्या भिंतीखालून जाता-येता काय बघितलं असेल, याचा मी विचार करते तेव्हा मला काही सुचत नाही. माझा चुलतभाऊ म्हणेल, ते प्रेम होतं. लोक म्हणतीलही. मला ते पटत नाही. बरं, एक वेळ प्रेम म्हणू. पण त्यानंतरची सगळी वर्षं? त्यांच्याच ओटीवर बसून बायका विचारत होत्या, ही कोणावर गेली गो. ग्रहणाची गोष्ट त्यांच्या कानांवरून रोज जात होती. पोर मान खाली घालून पाणी आणून देत होती. आणि ते हातात कुंचला घेऊन शेजारी बसले होते. आईवर गेली, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यांनी ते म्हटले नाहीत, आणि पोर बिजवराला देऊन टाकली. मी त्या माणसाला डिंक भिजवून दिला, त्यांच्या हाताचं कौतुक केलं, शाळेत मुलांना त्यांच्या आखणीच्या गोष्टी सांगितल्या. आज ते समोर असते तर मी काय बोलले असते ते इथे लिहिता येणार नाही.

मी हे सगळं त्या खोलीत मोठ्याने बोलले असणार, कारण नातसून मला म्हणाली, काकू, बसा जरा, बीपी वाढेल. आत्या मात्र शांत होती. तिने फोटो मांडीवर घेतला, पदराने कडा पुसल्या आणि मला म्हणाली की आता माझा एक फोटो काढ.

आम्ही दोघी तिच्याकडे बघतच राहिलो. ती खुर्चीत सरळ झाली. आईचा फोटो मांडीवर उभा धरला, पदर मागे सारला, चष्मा काढून नातसुनेकडे दिला. माझ्या मोबाइलला एक खोड आहे, तो न विचारता सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत करतो. ते सेटिंग मी शोधून बंद केलं. तोपर्यंत आत्या तशीच बसून होती, मान वर, नजर समोर. एक डोळा माझ्याकडे होता आणि एक नाकाकडे. खाली मांडीवर तिची आई, तशीच.

फोटो मी त्याच ग्रुपवर टाकला, जिथे ते पापण्या मिटणारं प्रकरण फिरत होतं. खाली लिहिलं, आत्या आणि तिची आई. काही जणांचे अंगठे आले, कोणाचे हात जोडलेले आले. नातसुनेने चहा टाकला. मग चुलतभावाचं उत्तर आलं. मी ते वाचलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

आत्याने विचारलं, काय म्हणतो. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, वाच. तिच्याशी आता आणखी एक खोटं कोणी बोलायचं नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं, ‘शेवटी पुसलेसच ताई. असो. फोटो मस्त आलाय. दोघींचे डोळे जरा सरळ करून पाठवतो, ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.’

आत्याने आईच्या फोटोवर हात ठेवला.

“तो माझ्या बापावर गेलाय,” ती म्हणाली.